भिंतीकडे तोंड करून

दाराची कडी काढण्याआधी त्यांचा उजवा हात पदराकडे जायचा. बाहेर दूधवाला असो की मी, पदर कपाळावर आला की मगच दार उघडायचं. नांदेडच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे चाकूरच्या काकू म्हणत. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील, चेहऱ्याआधी पदरच आठवतो.

गच्चीच्या जिन्यावरून घसरल्या आणि उजव्या खांद्याजवळचं, गळ्याखालचं हाड मोडलं. ऑपरेशन टळलं. डॉक्टरांनी दोन्ही खांदे मागे खेचून धरणारा पट्टा बांधला आणि हात झोळीत अडकवला. जन्मभर थोडं वाकून चालणाऱ्या काकू एकदम छाती काढून उभ्या राहिल्या.

"फौजदारावानी दिसून राहिले की मी," त्या म्हणाल्या.

साडी नेसता येईना, म्हणून सुनेचा गाऊन. दुखतंय का विचारलं, तर लोक काय म्हणतात तेवढं सांग, म्हणायच्या. दुखण्यापेक्षा लाज मोठी कशी, याचं मला कुतूहल वाटे.

एका दुपारी थोरले दीर चाकूरहून बघायला निघाल्याचा फोन आला. लग्न होऊन आल्यापासून काकू त्यांच्यासमोर उघड्या डोक्याने गेल्या नव्हत्या, थेट बोलल्याही नव्हत्या. बोलणं आधी नवऱ्यामार्फत व्हायचं, ते गेल्यावर मुलामार्फत. मुलगा-सून कामावर होते, म्हणून शेजारून मला हाक मारली. मी त्यांच्या डोक्यावर ओढणी टाकली. ताठ मानेवरून ती घसरायचीच.

भावजी दारात थबकले. मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले आणि कॅलेंडरकडे बघत मला म्हणाले, "म्हनावं, जेवन जातंय का?" काकूंनी मान हलवली. मी म्हटलं, जातंय. झोप लागते का? लागते. असं बराच वेळ चाललं. मला हसू आवरत नव्हतं.

मग ते म्हणाले, "म्हनावं, धाकटा शेवटाला काय बोलला?"

धाकटा म्हणजे काकूंचे यजमान. दवाखान्यात शेवटी काकू एकट्याच जवळ होत्या. पोराच्या तोंडून भावजी हे कसं विचारणार? इतकी वर्षं ते तसंच राहून गेलं होतं. मी काकूंकडे पाहिलं. ओढणी खाली पडलेली.

"इकडं बघा, भावजी."

ते वळले नाहीत.

"बघा म्हनते."

खुर्ची सावकाश फिरली.

"तुमचंच इचारलं. दादा निघाला का, म्हनले. मी म्हनलं, हाव, निघालेत."

"निघालो न्हवतो मी."

"म्हाईत होतं मला."

मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन आले, एक भावजींच्या हातात दिला. मग काकू म्हणाल्या, "नाक तर त्यांच्यावानीच हाय की तुमचं. मी कधी बघितलंच न्हाई."

काकू या उन्हाळ्यात गेल्या. हाड केव्हाच जुळलं होतं. मला मात्र त्या पट्ट्यातच आठवतात, ताठ बसलेल्या, मोकळ्या डोक्याने, भावजींच्या तोंडाकडे बघतच राहिलेल्या.