ओळंब्याने नाला वळवला

खोदाईच्या यंत्रावर त्याची हयात गेली होती. त्याने काढलेला चर इतका सरळ असायचा की गवंड्यांनी त्याचं नावच ओळंबा ठेवलं. गावाबाहेरचा नालाही तरुणपणी त्यानेच सरळ केला होता. पाणी झटपट निघून जावं, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती.

हल्ली मात्र पाऊस आला की कोसळायचा, नाहीतर तोंडही दाखवायचा नाही. पाणी सरळ नाल्यातून सुसाट सुटायचं, त्याच्या थोरल्या वहिनीच्या गोठ्यात शिरायचं आणि पुढे नाला कोरडा ठणठणीत.

मग सरकारी निधी आला. नाल्याला पुन्हा वळणं द्यायची, काठच्या शेतांत आणि सार्वजनिक कुरणात पाणथळ जागा तयार करायची. जो शेतकरी जमिनीची पट्टी सोडेल, त्याला दरवर्षी मोबदला. योजनेच्या बाई वहिनींना समजवायला आल्या.

"बेडकांसाठी पैसे?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, पाणी कुठेतरी मुरणारच," ओळंबा म्हणाला. "गोठ्यात मुरवायचं की पट्टीत?"

वहिनींनी गोठ्याकडे पाहिलं. "पट्टीत. पण भावजी, माझं कुंपण पाडलंत तर गाठ माझ्याशी आहे."

ओळंब्यानेच काम सुरू केलं आणि पंचाईत झाली. हाताला सवय सरळ रेघेची. बाईंनी खुणा करून दिल्या, तरी दुपारपर्यंत चर काठीसारखा. "काका, हा पुन्हा सरळच झाला," बाई म्हणाल्या. त्याचे कान लाल झाले.

डबा घेऊन आलेली बायको हे पाहत होती. "तुम्ही माझ्या मागून या," ती म्हणाली आणि चालू लागली. ती कधी सरळ चालली होती म्हणा! इथे फूल दिसलं की वळली, तिथे दगडावर टेकली, वहिनींशी बोलायला पार कुंपणापर्यंत गेली. मागून ओळंबा हळूहळू खोदत आला. तिने टेकलेल्या जागी डोह झाले. बाईंनी काठावरून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "आता जमलं."

पुढच्या मुसळधार पावसात पाणी नेहमीसारखं धावत आलं, पण वळणावळणावर रेंगाळलं, पट्टीत पसरलं, कुरणात जाऊन बसलं. गोठा कोरडा राहिला. उन्हाळ्यातही डोहांत पाणी होतं, आणि एका सकाळी वहिनींनी फोन करून सांगितलं, "भावजी, आपल्याकडे बदकं उतरलीत. पिल्लंसुद्धा आहेत. हळू आवाजात बोला."

फोनवरच्या आवाजाने बदकं कशी उडतील, हे त्याने विचारलं नाही. तोही कुजबुजतच बोलला.

वरच्या गावातल्या नाल्यालाही निधी मंजूर झाला, तेव्हा बाई त्याला बोलवायला आल्या. तो काही म्हणायच्या आत आतून बायकोचा आवाज आला, "माझी रोजी वेगळी लावा."

बाईंनी ती लावली. दुसऱ्या दिवशी नवे बूट घालून ती यंत्राच्या पुढे निघाली.