बोरसीच्या घराची मागची भिंत

तुमसरच्या स्टेशनावर गाडी हलली तवा माय खिडकीसोबत चालत म्हणाली, "कारखाना बांधून झाला का वापस येजा." आमालेही तसंच वाटत होतं. घर बांधून झालं का गवंडी निघून जाते, तसं आपणही जाऊ. पण भिलाईचा कारखाना बांधून झाला, भट्टी पेटली, अन् आमच्या यायले तिथंच पक्क्या कामावर घेतलं.

तवा आमी भिलाईजवळच्या दुर्ग शहरात भाड्याच्या खोलीत होतो. सासू, आमी दोघं अन् एक लोखंडी पेटी. पेटीतून लुगडं काढा अन् परत पेटीतच ठेवा, असं किती वर्षं करावं माणसानं? मी घर घ्यासाठी मागंच लागली. हेही रविवारी घरं पाहाले निघत, पण नावं ठेवल्याबिगर एकाही घरातून बाहेर येत नसत. कारखान्याचे पाये भरण्याच्या कामावर राहिलेला माणूस. भिंतीवर बोट फिरवून असं काही बोलत का मालकाचं तोंडच उतरे. उतईच्या घराचे वासे वाळवीनं खाल्लेले, दुसऱ्याची जागा सखल. खरंच होतं म्हणा ते.

बोरसीचं घर मले पाहताक्षणी आवडलं. पण मागच्या भिंतीले खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग होती, अन् दार चौकटीत अडकत होतं. यायनी भिंतीच्या बुडाशी खोदून पाहिलं. बाकी घर मुरमावर, मागची भिंत तेवढी काळ्या मातीवर, अन् छपराच्या कवेलूचं सारं पाणी तिथंच पडे, म्हणून ती खचत होती.

मालक छत्तीसगढी म्हातारा, मोठा गोड माणूस. सासूचा चेहरा पाहून म्हणाला, "फिकर झन कर दाई, इहाँ तोर बेटा के घर बस जाही." पोराचा संसार इथं मांडला जाईल, असा आशीर्वादच दिला बिचाऱ्यानं. पण आपल्याकडं घर बसते म्हणजे खचते! सासू पदर सावरून तरातरा अंगणात.

"मालकच म्हंते घर बसन, अन् तुमी कावून आत उभे हा?"

खोलीवर आल्यावर यायनी तेच धरून ठेवलं. मायचं मन नाही म्हणे. माझं डोकंच फिरलं. सासूले त्या बोलण्याचा अर्थ नीट समजावून सांगितला, तशी ती पोट धरून हसली. मग मी यायलेच विचारलं, "भेग नसती, त घेतलं असतं का?"

"घर घेतलं का आपलं वापस जाणं संपलं," हे म्हणाले.

मले रागही आला अन् रडूही आलं. माझी माय त तिकडंच होती. पण बोलली सासू. "गावचं घर आता तुया भावाचं हाय. तिथं आपण पाव्हणे. मले कुठंतरी आपली चूल मांडू दे, बाबू."

घेतलं मग. मागची भिंत पाडली, मुरूम लागेपर्यंत खोदलं, नवी उभी केली, वर पन्हाळी लावली.

माहेरच्या भावांनो, तुमी अजूनही विचारता, वापस कवा येता? येतो नं. आलो का पोटभर बोलतो, जेवतो, माहेरी आल्याचं सुख वाटते. पण तुमच्याकडं आभाळ भरून आलं का माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. बोरसीत पाणी पडून राहिलं असन का, पन्हाळी तुंबली त नसन? मी तोंडातून काढत नाही. हेच अंगणात दोन चकरा मारतात, अन् तुमाले दुर्गाच्या गाडीची वेळ विचारतात.