सुमनकाकूंची मूठभर नाचणी

सुमनकाकू कुठल्याही गरम पातेल्यात आधी करंगळी बुडवायच्या. अमेरिकेत आयसेलिनला आमच्या शेजारी त्या आणि काका मुलाकडे राहायचे. माझ्या तान्ह्या लेकीसाठी त्यांनी पेज केली, तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. करंगळी घालून तीन आकडे मोजले, मग मोड आणून दळलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ टाकलं. घट्ट पेज बघता बघता सैल झाली, वर चवीला गोड!

"तीन मोजेपर्यंत बोट टिकलं तरच घालायचं, मीनल. उकळत्यात घातलंस तर जीव जातो त्याचा."

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. पिठाची साखर करणारी एन्झाइम्स जास्त उष्णतेने मरतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. ही बाई तेच बोटाने करत होती.

काका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. घरात त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्यांनी टूम काढली, मक्याची व्हिस्की गाळायची. आयुष्यभर त्यांनी मळीपासून दारू केली आणि मळीत साखर आयतीच असते. मक्यात कुठली? भरडा शिजवून, त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव घालून आधी साखर करावी लागते. काकांनी गॅरेजमध्ये भरडा रटरटा शिजवला आणि तशा उकळत्यातच माल्ट ओतलं.

"अहो, जरा निवू द्या. मरेल ते," काकू दारातून म्हणाल्या.

"सुमन, ही बाळाची पेज नाही. केमिस्ट्री आहे. तू आत जा."

आणि मी? मी तिथेच उभी होते, एम.एस्सी. असून मूग गिळून! वडीलधाऱ्यांना उलट कसं बोलायचं म्हणे. डोंबलाचं वडीलधारेपण!

दुसऱ्या दिवशी पातेल्यात डाव उभा राहील असा गोळा. काका वैतागून फिरायला गेले. "अन्न आहे गं, टाकवत नाही," म्हणत काकूंनी त्यात पाणी घालून गरम केलं, निवू दिलं, करंगळी बुडवली, नाचणीचं पीठ मुठीने टाकलं आणि पातेलं जुन्या रजईत गुंडाळलं. दोन तासांनी मला थेंबभर चाटवलं. गोड!

"काकांना सांगा ना!"

"सांगायचं काय त्यात? ज्याला चव कळते त्याला सांगावं लागत नाही."

ही त्यांची नेहमीची म्हण. मला तिचा भयंकर राग यायचा. चव कळणारे असतात किती हो?

काका परतले, चाखून खूश झाले. "बघितलंस? माल्टला वेळ द्यावा लागतो!" त्यांनी यीस्ट टाकलं, आणि शनिवारपर्यंत पातेलं नुसतं बुडबुडत होतं. मुलाचे मित्र जमले. "काका, जीनियस आहात यार तुम्ही!" काका छाती फुगवून म्हणाले, "तीस वर्षांचा अनुभव आहे, चेष्टा नाही!" काकू कोथिंबीर वड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. मुलगा म्हणाला, "आई, चटणी विसरलीस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चटणी आणायला गेल्या.

व्हिस्की झालीच नाही. घरी दारू गाळणं इथे गुन्हा आहे, हे मुलाला दोन दिवसांनी कळलं. ग्रीन कार्ड अडकेल म्हणून त्याने सगळं मोरीत ओतलं. पण काकांच्या त्या मक्याची कहाणी पुढे दर गणपतीत रंगायची, आणि दर वेळी वड्या वाढत काकू ती ऐकायच्या. मीही ऐकायचे.

दोन हजार आठ साली ती दोघं सांगलीला परतली आणि चार महिन्यांत काकू गेल्या. मी फोन केला. काका रडत होते. "स्वयंपाक काय करायची गं! बाकी भोळी. कशातलं काही कळायचं नाही तिला."

मग मात्र मला राहवेना. करंगळी, नाचणी, रजई, सगळं सांगून टाकलं. तुमचं माल्ट पहिल्याच दिवशी मेलं होतं काका, हेही सांगितलं.

मग काका म्हणाले, "तुला माहीत होतं? मग ती असताना का नाही बोललीस?"