मायच्या चपला

माझी माय अनवाणी फिरतेय हे मला कळायला दोन आठवडे लागले आणि का फिरतेय हे कळायला अजून दोन महिने. हायस्कूलमध्ये सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी. पोरांना सांगायची, डोळे उघडे ठेवा. घरात मात्र ठार आंधळी निघाले.

त्या दिवसांत माझं सगळं ध्यान माझ्यातच होतं. दर एकवीस दिवसांनी निलंग्याहून लातूरला केमोला जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि पुढचे आठ दिवस कॉटवर पडून छताकडं बघायचं. पाण्याला लोखंडाची चव यायची, फोडणीच्या वासानं पोट ढवळायचं. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझं लग्न टिकलं नाही, त्याचं मला फार दुःखही नाही. माय ऐंशीच्या आसपासची. तिला शुगर आहे, गुडघे गेलेत, आवाज मात्र खणखणीत. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं बसून ती वंदना म्हणते आणि मी कशीही असले तरी उठवून शेजारी बसवते. "तू बरी व्हणार हायस," हे ती वंदना संपली की म्हणायची, जणू तोही वंदनेचाच भाग.

आमच्या घरात देव नाहीत. माय लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या देवीचा टाक, म्हणजे बोटभर चांदीच्या पत्र्यावरची देवी, पदराला बांधून आली होती. वडील तिला नदीवर घेऊन गेले. म्हणाले, मी टाकणार नाही, तुला पटलं तर तुझ्या हातानं सोड. तिनं सोडला, आणि पुन्हा कधी देवाचं नाव काढणार नाही असा शब्दही दिला. ही गोष्ट ती मला लहानपणापासून सांगत आलीय, दर वेळी ताठ मानेनं.

त्यामुळं मी आजारी पडल्यावर जो तो अंगारा, तावीज, तीर्थ घेऊन आला तेव्हा मी फाडफाड बोलले. शाळेतल्या एका बाईंना तर विचारलं, हा अंगारा जेवणाआधी घ्यायचा की जेवणानंतर? बिचाऱ्या पुडी पर्समध्ये घालून गेल्या. माय स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण आतून नुसता भांड्यांचा आवाज आला.

ऐन उन्हाळ्यात मायची भावजय वारली. बिलोलीकडं तिचं माहेर. एकटीच एसटीनं गेली, दुसऱ्या दिवशी आली. पंधरा दिवसांनी केमोला गेलो तेव्हा दवाखान्याच्या आवारात मी बघितलं, ती डांबरावर सावली बघून बघून पाय टाकत होती. चपला कुठायत म्हटलं, तर म्हणाली, तुटल्या.

मी नवीन मागवल्या. त्या चावायलेत म्हणाली. मग मऊ तळाच्या मागवल्या, शुगरवाल्यांसाठी मिळतात तशा. त्या घसरायलेत म्हणाली. तिसरा जोड मी स्वतः आणला, केमो झाल्या दिवशी, टकलाला ओढणी गुंडाळून, लातूरच्या दुकानात लटपटत उभी राहून. तिनं तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि दाराशी आधीच्या दोन जोडांशेजारी नीट लावून ठेवला. माझं डोकंच फिरलं. मी इथं मरायला टेकलेय आणि तुला चपलांचे नखरे सुचायलेत, असं मी तिला ओरडून बोलले. तिनं ऐकून घेतलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कळलं ते शेजारच्या वहिनींमुळं. ताक घेऊन आल्या होत्या. जाताना दबक्या आवाजात म्हणाल्या, मॅडम, मावशींनी नवस बोललाय वाटतं, चपला सोडल्यात, पण तुमच्यात चालतं का असं? गल्लीतल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी समजलं होतं. मलाच नाही, कारण आमच्या घरात दोन पिढ्यांत कुणी नवस बोललाच नव्हता.

मी मायला समोर बसवलं. बाबांना शब्द दिला होतास, आता त्यांना काय तोंड दाखवशील, असं विचारलं. चांगलं मनाला लागेल असंच विचारलं.

"त्येंला मी बघून घेते," ती म्हणाली. "तू मधी पडू नको."

"तुझा विश्वास आहे का त्या माहेरच्या देवीवर?"

"न्हाई." मग पदराशी चाळा करत बसली. "डाक्टर त्येचं करायलाय, औषध चालू हाय, वंदना करतेच मी. एक दार तेवढं राह्यलं हुतं. तेबी वाजवून आले."

मी तिचे पाय ओढून मांडीवर घेतले. तिचे तळवे बघितले. फोड येऊन फुटलेले, एक जखम टाचेशी काळी पडलेली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, शुगरचा पाय आहे, पायात काही घातलं नाही तर जखम भरणार नाही, पाय काढायची पाळी येईल. घरी आल्यावर मी खरंच तिच्या पाया पडले. म्हटलं, घाल माय चपला.

"तू बरी हो. लगीच घालते."

आता काय करायचं माणसानं? बरं होणं माझ्या हातात असतं तर मी त्याच दुपारी झाले असते. मी गोळ्या वेळेवर घेतल्या, अंडी नाक दाबून गिळली, पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून सांगतील ते सगळं केलं. आतापर्यंत मी माझ्यासाठी लढत होते, तेव्हा मधूनमधून कंटाळायचीही मुभा होती. आता तीही गेली. रोज तिची पट्टी बदलायची आणि मनात स्वतःलाच म्हणायचं, लवकर बरी हो गं बाई.

सहा केमो झाल्यावर स्कॅन झाला. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. छातीतली गाठ लहान झाली होती, पण कमरेच्या हाडात नवीन काही दिसत होतं. दुसरं औषध सुरू करू म्हणाले. थांबवून ठेवता येईल. बरं होईल का, असं मी विचारलं. ते टेबलावरचा पेन सरळ करत राहिले.

बाहेर बाकड्यावर माय पट्टीचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या हातातला रिपोर्ट बघून म्हणाली, "वाच."

कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगायचं आणि आपण अंगठा उठवायचा, हे आमच्या घरात माझ्यापासून संपावं म्हणून वडिलांनी मला शिकवलं होतं. मी तो इंग्रजी कागद तिच्यापुढं धरला, ओळीखाली बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं, "सगळं साफ झालंय. काही राहिलं नाही."

तिनं माझ्या टकलावरून दोन्ही हात फिरवले आणि तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडली.

पण चपला तिनं तरीही घातल्या नाहीत. आधी नवस फेडायचा. चौथ्या दिवशी आम्ही एसटीनं तिच्या माहेरी गेलो. देऊळ लहानसं, पत्र्याचं. मायनं ओटी भरली, नारळ ठेवला आणि मला म्हणाली, हात जोड. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा मी देवीपुढं जोडले. मागायला माझ्याकडं एकच गोष्ट होती. मी देवीला म्हटलं, हिला कळू देऊ नको.

बाहेर येऊन तिनं पायरीवर बसून चपला घातल्या, मी आणलेला तो तिसरा जोड. पट्टीमुळं एकीचा पट्टा सैल करावा लागला. चार पावलं चालून बघितली. "ब्येस हायत की," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला नेहमीसारखं वंदनेला बसवलं. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, मी थांबले. तिनं एकटीनं ते म्हटलं आणि पुढं गेली. सोमवारी मला परत लातूरला केमोला जायचंय. तीही येणार म्हणते. कशाला जायचंय, असं तिनं अजून विचारलेलं नाही.