दोन फुटांची नाली

पावसाला भिणारी आणि पावसावर भाळणारी माणसं मी खूप पाहिली. पावसाची हजेरी घेणारा मात्र एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू वरोऱ्याकडच्या एका गावी नगरपालिकेत ओव्हरसियर होते. सरकारी पाऊस चोवीस तासांतून एकदा, सकाळी आठ वाजता मोजला जाई. साडूंना हा पावसाचा अपमान वाटे. मापाचं भांडं नि घड्याळ घेऊन ते दर पाच मिनिटांनी अंगणात उतरत आणि आकडा वहीत टिपत. थोरल्या मुलीच्या लग्नात चौथ्या मंगलाष्टकाला आभाळ फाटलं आणि वधुपिता मांडवातून नाहीसा झाला. ओल्या फेट्यानिशी परतून त्यांनी व्याह्यांच्या कानात सांगितलं, "पाच मिनिटांत नऊ मिलिमीटर!" मानापानाचंच काही असेल असं समजून व्याह्यांनी गंभीरपणे मान डोलावली. माझी मेव्हणी म्हणे, "मले पाहाले या माणसाजवळ वर्षात पाच मिनिटं नाईत, ढगाले दर पाच मिनिटाले आहेत!"

पुढे बाजारातली नाली नव्यानं बांधायची निघाली. उताराच्या तळाशी करीमभाई टेलरचं दुकान. दर पावसाळ्यात तिथे लोकांचे लग्नाचे सूट नवरदेवाआधी आंघोळ करत. "तीन फुटांची करून देतो," साडूंनी शब्द दिला. वर्षाच्या पावसावरून नालीची रुंदी ठरवणाऱ्या जुन्या सरकारी कोष्टकात मात्र दोनच फूट बसत होते.

जागा पाहायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तालुक्याचा पाऊस वाढलाय का?"

"नाई साहेब, वर्षाचा तेवढाच आहे. पन पहिले दिवसभर पडे, आता अर्ध्या तासात पडून मोकळा होते. नालीले वर्ष नाई समजत, अर्धा तास समजते."

एवढं बोलून त्यांनी दोन सारख्या बादल्या मागवल्या. पहिली लोट्यालोट्यानं जुन्या नालीत सोडली. पाणी गुमान निघून गेलं. दुसरी एकदम उपडी केली. ते पाणी साहेबांच्या बुटात गेलं. साहेबांनी बुटांकडे पाहिलं आणि मिनिटामिनिटाचा पाऊस टिपणाऱ्या सरकारी यंत्रावरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मागितल्या. तसं यंत्र गावात नव्हतंच. साडूंच्या अकरा वह्या खासगी पाऊस ठरल्या. नाली दोन फुटांचीच झाली, आणि कागदावर सही साडूंचीच लागली.

त्याच वर्षी आषाढात, पाऊण तासाच्या पावसात, दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. करीमभाईंनी भिजलेले सूट पिळले आणि पाहायला आलेल्या साडूंसाठी चहा मागवला. साडूंना तेच फार लागलं.

आता ते रिटायर झालेत. आभाळ जरा काळवंडलं की दुकानात जातात आणि खालच्या फळीवरची कापडं निमूटपणे वरच्या फळीवर ठेवतात.

मी एकदा करीमभाईंना म्हटलं, "एवढं भिजूनही तुम्ही खाली कापड ठेवता काऊन?"

मशीन न थांबवता ते म्हणाले, "कामाचं कापड मी कवाचंच वर ठेवतो, भाऊ. हे चिंध्याचे गठ्ठे आहेत. ओव्हरसियरसाहेब एवढे धावत येते, त्याइले काही तरी उचलाले पाह्यजे ना."