गोळा भरणारा हात

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप चिकटतात. आमच्या कारखान्यातल्या, तोफगोळ्यात भरायच्या पिवळ्या दारूसारखे! कितीही हात धुवा, नखात थोडी राहतेच.

पासष्टची लढाई सुरू होती. आम्ही जबलपूरला तोफेचे गोळे भरायचो. दर शनिवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत वसईचे एक फादर नीतिशास्त्र शिकवायचे. त्यांना मराठी बोलायला माणसं हवी होती आणि आम्हाला चहा! म्हणून घमापूर वस्तीतले आम्ही दोघं हिंदू, मी आणि रेल्वेतले देशपांडे, इनासभाऊंच्या मागोमाग जायचो. इनासभाऊ कारखान्यात माझ्याच शॉपमधले, म्हणजे विभागातले, नागपूरकडचे ख्रिस्ती. त्यांचा एकुलता एक मुलगा पीटर फौजेत होता.

* * *

फादर म्हणाले, कृती चांगली, हेतू चांगला आणि परिस्थिती योग्य, तिन्ही जुळली तरच कर्म चांगलं. देशपांडे म्हणाले, आमच्या ऑफिसात यातलं एकही जुळत नाही, तरी पगार होतो! सगळे हसले. त्यानंतर त्या खोलीत कोणी मोकळं हसल्याचं मला आठवत नाही.

* * *

खोटं कधीच बोलू नये, अगदी जीव वाचवायलाही नाही, हा फादरांचा हट्ट. एकदा ब्लॅकआऊटमध्ये वॉर्डन बाहेरून ओरडला, वेदीजवळचा दिवा विझवा म्हणून. देव तिथे असल्याची खूण म्हणून तो दिवा कधीच विझवत नाहीत. फादरांनी त्यावर डबा पालथा घातला, खालून हवेपुरती फट ठेवून.

"बुझ गई, फादरजी?"

"नहीं भैया, ढक दी है."

वॉर्डन आत आला, डबा बघितला, हात जोडले आणि गेला.

* * *

एका शनिवारी इनासभाऊंनी विचारलं, "फादर, गोळा मी भरतो, तिकडे माणूस मरते. पाप कोणाचं?"

फादरांनी नीट समजावलं. जवळचा हात वेगळा, लांबचा हात वेगळा. तू देशाच्या रक्षणासाठी काम करतोस, मनात कोणाचा द्वेष नाही, कोण मरणार ते तुला ठाऊक नाही. तुझा हात लांबचा.

इनासभाऊंनी आपली पिवळी नखं बघितली. "लांबचा कसा, फादर? जेवताना तं इथंच असते."



* * *

मग इनासभाऊंनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मागितली. ज्याच्यासाठी हवी, मेलेला असो की जिवंत, त्याचं नाव सांगायचं, फादर ते वेदीवरून वाचतात आणि सगळे प्रार्थना करतात. फादरांनी नाव विचारलं.

"नाव कुठून आणू? माझ्या गोळ्यानं जे मेले, त्यांच्यासाठी."

लढाईच्या दिवसांत शत्रूसाठी प्रार्थना! फादरांनी वहीत नावाची जागा कोरी ठेवली. पण रविवारी त्यांनी वाचलं, ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत त्या मृतांसाठी. लोकांना वाटलं, आपले जवान. बायका रडल्या. देशपांड्यांनी नंतर हळूच विचारलं, हे खोटं नाही ना? फादर म्हणाले, नाही, पण बरंही वाटत नाही.

* * *

आणि मग तार आली. पीटर गेला, तोफेचा गोळा पडून.

आम्ही त्यांच्या घरी पोचलो तेव्हा फादर आधीच इनासभाऊंजवळ बसलेले. आत रडून रडून वहिनींचा, पीटरच्या आईचा, आवाज बसला होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.  इनासभाऊ म्हणाले,

"फादर, उद्या मिस्सा ठेवा."

"ठेवतो. पीटरच्या नावानं."

"ते तं आहेच. आणखी एक ठेवा. ज्यानं तो गोळा भरला, त्याच्यासाठी. तो बी आता जेवायला बसला असन."