कार्डात नसलेला पाहुणा

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, कचेरीत नाही, आणि ज्याची आहे त्याच्यापाशी तर नाहीच. मी महाडला एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. महत्त्वाचं असेल ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे, हे आधी शिकण्यात आणि मग नव्या पोरांना शिकवण्यात आयुष्य गेलं. इथे ते जमत नाही. तीनदा सुरुवात केली – तिन्ही वेळा पहिल्या वाक्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं.

तेव्हा आधी भावाबद्दल सांगतो. विनायक माझ्याहून सात वर्षांनी लहान. बाजारपेठेत कोणत्या वर्षी पुराचं पाणी कोणत्या दुकानाच्या कितव्या पायरीला लागलं, हे त्याला पाठ आहे. तो ते न विचारता सांगतो, आणि ऐकणारा निघून गेला तरी सांगत राहतो. वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायचं काम त्याला मिळालं होतं. त्यानं घातलेल्या कव्हरांचे कोपरे अजून उचकटलेले नाहीत. पण लग्नात बँड वाजला की तो कानांवर हात दाबून मांडवाच्या मागे जाऊन बसायचा. लोक त्याला चक्रम म्हणत. घरात आम्ही काहीच म्हणत नसू. पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत पाठवत असू. आम्ही म्हणजे मी. आई गेल्यावर घरात ठरवणारा मीच होतो.

दोन हजार सालाच्या सुमाराची गोष्ट. वैद्य बाई आम्हा दोघांच्या शाळेतल्या शिक्षिका, तेव्हा निवृत्त झालेल्या. त्यांचा एक भाचा पुण्याला असाच होता. तिथल्या डॉक्टरांनी त्याला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे असं सांगितलं होतं. बाईंनी विनायकला त्याच डॉक्टरांकडे न्यायला लावलं आणि तोच शब्द आमच्या घरीही आला. विनायक तेव्हा तिशीत होता. इतकी वर्षं नाव नसलेल्या गोष्टीला नाव मिळाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं की अडकल्यासारखं? आज नक्की सांगता येणार नाही.

बाई मला म्हणाल्या होत्या, “यांना माणसं नको असतात हे खोटं आहे, सदा. यांना अचानक माणसं नको असतात.”

यातूनच त्यांनी बैठक सुरू केली. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा ते बारा, बाईंच्या घराची ओसरी. येणारे चौघंच – विनायक, जवळच्या नाते गावची सुनंदा आणि महाडमधले दोघं. बाई म्हणायच्या, हे उपचार वगैरे नाहीत, यांना दोन तास मजा यायला हवी, बस. आणि ती मजा त्या एखाद्या मोठ्या सभेसारखी आखायच्या. पंखा दोनवर. ट्यूब बंद. कुणाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. टाळ्या नाहीत. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नको वाटलं तर उठून मागच्या पडवीत जायचं, आणि का गेलास हे कुणी विचारायचं नाही. पोह्यांवर शेंगदाणे घालायचे नाहीत, वेगळ्या वाटीत द्यायचे, कारण एकाला ते दाताखाली आलेले चालत नसत.

सगळ्यात मोठा नियम कार्डाचा. आठ दिवस आधी प्रत्येकाच्या घरी पोस्टकार्ड जायचं. कोण येणार, कोण कुठे बसणार, खायला काय, किती वाजता संपणार. शेजारच्या घरी अकराच्या सुमारास मिक्सर लागतो, हेसुद्धा. खाली ठरलेली ओळ – ‘यात लिहिलेलं नाही असं काही होणार नाही.’ ही कार्डं लिहायचं काम बाईंनी मला दिलं. त्यांचा हात थरथरायचा, आणि माझी वाक्यं लहान असतात म्हणून. “वार्ताहराला एवढं जमेल ना?” असं चिडवायच्या त्या.

ते वर्ष-दीड वर्ष विनायक कसा होता हे तुम्हाला सांगायला हवं – नाहीतर पुढचं नुसतं बातमीसारखं वाटेल. कार्ड आलं की तो ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवायचा आणि रोज काढून वाचायचा. नाते गावाहून सुनंदा वडिलांबरोबर यायची. पंचविशीतली, शेतकरी घरातली. भाताच्या जातींवर बोलायची. बोलताना समोर न बघता चटईच्या काठाकडे बघायची. दर बैठकीला ती विनायकला एकच प्रश्न विचारायची.

“पानी तुमच्या घरी कितव्या पायरीवर आलेलं?”

“पाचव्या.”

“मंग सहावी?”

“कोरडी.”

यावर दोघं हसायचे. दर महिन्याला तितकंच आणि तसंच. बाकी कुणाला त्यात काय हसण्यासारखं होतं ते कळलं नाही. मला तर नाहीच कळलं. पण घरी परतताना विनायक एकटाच ‘कोरडी’ म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. त्याला तिशीनंतर मिळालेली ही पहिली ओळख. मैत्री म्हणू का? म्हणायलाच हवं.

आता त्या मार्चकडे येतो.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटतात, रस्ते भरतात, लाउडस्पीकर लागतात. म्हणून मार्चची बैठक बाई पोलादपूरला ठेवायच्या, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला त्यांच्या चुलतभावाचं घर होतं तिथे. त्या वर्षी बैठकीच्या पंधरा दिवस आधी एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर चहाला बसलो होतो. नाव देत नाही. ते आले नसते तर दुसऱ्या कुणाला आणलं असतं. मी बैठकीबद्दल सहज बोलून गेलो. ते म्हणाले, “अहो, मग आमच्या हस्ते सत्कार ठेवा की त्या मुलांचा. बातमी होईल चांगली.”

मी हो म्हणालो.

का? मला ठाऊक आहे. इतकी वर्षं भावाला मागच्या खोलीत ठेवलं होतं, पण गावाला ते माहीत होतं. शाल-श्रीफळ, फोटो, पहिल्या पानावर चौकट – अशा रूपात माझा भाऊ एकदा गावासमोर यावा, म्हणजे लोकांसमोर मला खालमानेनं वावरावं लागणार नाही. सत्कार मला हवा होता. त्याला काय हवं होतं ते मी महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या हातानं लिहीत होतो.

बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी एका शब्दात नाही म्हटलं असतं. म्हणून सांगितलं नाही. आणि मग कार्डं लिहायला बसलो. चार कार्डं. चौघांची नावं, जागा, पोहे, वाटीतले शेंगदाणे, रस्त्यावर एस.टी.चा आवाज येईल, बारा वाजता संपेल. शेवटची ओळही लिहिली – यात लिहिलेलं नाही असं काही होणार नाही. चारही वेळा. अक्षर नेहमीसारखं आलं. हात थांबला का? नाही थांबला. शेवटची ओळ सोडली तर कार्डात खोटं काही नव्हतं. आमच्या धंद्यात वगळण्याला खोटं म्हणत नाहीत.

अकराला दहा कमी असताना दोन जीपा अंगणात आल्या. दहा-बारा कार्यकर्ते, हार, फोटोग्राफर. सुनंदा तुकड्या नावाच्या भाताच्या जातीबद्दल सांगत होती. ओसरीवर चपला वाजल्या, फ्लॅश उडाला, आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. सुनंदा चटईवर कपाळ टेकून वाकली आणि स्वतःचा दंड नखांनी ओरबाडू लागली. बाई हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या, “थांबा, कृपा करून थांबा” म्हणत राहिल्या. टाळ्यांत ते ऐकू गेलं नसावं. विनायकच्या खांद्यांवर मागून शाल पडली. तो ताठ उभा राहिला. खिशातून कार्ड काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागला – पहिल्या ओळीपासून, कोण येणार, कोण कुठे बसणार. प्रत्येक ओळीनंतर म्हणायचा, “हे यात नाही. हे यात नाही.” पुढाऱ्यांना वाटलं मुलगा भाषण करतोय. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी कुठे होतो? दाराशी. हातात वही होती. मी उपस्थितांची नावं उतरवून घेत होतो.

कार्ड वाचून झाल्यावर विनायक मागच्या गोठ्यात गेला. जीपा वीस मिनिटांत निघून गेल्या, पण तो बारापर्यंत तिथेच उभा राहिला, कारण बैठक बाराला संपते असं कार्डात होतं. बाराला बाहेर आला. शाल घडी करून हातात होती.

सुनंदाचे वडील तिला पोटाशी धरून निघाले. जाताना म्हणाले, “बाई, तुमच्यावर राग नाय. पन ती आता घरातनं हलायची नाय.”

बाईंनी मला बाजूला घेतलं. “सदा, यांना कुणी सांगितलं असेल रे?”

“ऐकलं असेल कुठेतरी, बाई. दौऱ्यावर असतातच ते.”

हे पहिलं खोटं. माझ्या मनात खरं गाठोडं आहे ते याच्या पुढचं. परतीच्या एस.टी.त विनायक खिडकीशी बसला होता. महाडच्या स्टँडवर उतरताना त्यानं विचारलं, “दादा, कार्डात का नव्हतं?”

मी म्हणालो, “बाईंनीच बोलावलं होतं त्यांना. तुला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं.”

“कार्ड तू लिहितोस.”

“त्या सांगतात तेवढंच लिहितो.”

त्यानं मान हलवली. तो खोटं बोलत नाही, त्यामुळे माझं खोटं तपासून बघायचं त्याच्या मनात आलं नाही. एवढं सोपं होतं ते. मी थकलो होतो, मला फक्त घरी जाऊन बातमी लिहायची होती. लिहिलीही. ‘पोलादपूर येथे विशेष मुलांचा सत्कार उत्साहात संपन्न.’ त्या मुलांमधला एक बत्तीस वर्षांचा होता आणि फोटोत त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. बातमी पहिल्या पानावर लागली. आठवडाभर लोक बाजारपेठेत थांबवून अभिनंदन करत होते. मी ते घेतलं.

पुढच्या महिन्याचं कार्ड बाईंनी स्वतः लिहून पाठवलं, वाकड्यातिकड्या अक्षरात. विनायकनं ते वाचलं आणि डब्यात न ठेवता टेबलावर पालथं ठेवलं. गेला नाही. सुनंदाही आली नाही. आणखी दोन कार्डं आली, मग बंद झाली. बाई दोनदा घरी आल्या. दोन्ही वेळा विनायक उठून मागच्या खोलीत गेला – त्या वेळी मी पाठवलं नव्हतं. बाई बाहेरच्या खुर्चीवर बसून म्हणाल्या, “माझंच काही चुकलं असेल. मीच जास्त काळजी घ्यायला हवी होती.” मी त्यांना चहा दिला.

बाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या निधनाची बातमी मीच लिहिली, चार ओळी, एकही चूक नाही. विनायक अंत्ययात्रेला आला नाही. तो आता पन्नाशी ओलांडून गेलाय. पुरांच्या यादीत नंतरचे पूरही आलेत, पण सहाव्या पायरीबद्दल त्याला कुणी विचारत नाही. मी एकदा विचारून पाहिलं. तो म्हणाला, “ते तुझं नाही.”

आणि वर्षातून एकदा-दोनदा, जेवताना, मध्येच – “बाई खोटं का वागल्या?”

मी दर वेळी म्हणतो, “असतं एकेकाचं.” गेल्या सोमवारीही हेच म्हणालो.

मंगळवारी पोस्टातून एक कार्ड आणलं. लिहून पेटीत टाकलं. काल ते घरी आलं. विनायकनं वाचलं, टेबलावर ठेवलं. सुलटं ठेवलं. त्यात एवढंच आहे –

‘महिन्याचा दुसरा रविवार. सकाळी दहा. आपली ओसरी. तू आणि दादा, तिसरं कुणी नाही. तू खिडकीशी बसशील, दादा दाराशी. पोहे, शेंगदाणे वेगळे. पोलादपूरला त्या माणसांना दादानं बोलावलं होतं. बाईंना माहीत नव्हतं. बाई कधीच खोटं वागल्या नाहीत. रविवारी दादा हेच तोंडानं सांगेल. दहा मिनिटं लागतील. तुला मध्येच उठून जाता येईल. का गेलास हे दादा विचारणार नाही. यात लिहिलेलं नाही असं काही होणार नाही.’